नव्या मुख्याध्यापकांना

सर, संयुक्त शाळा अनुदान, म्हणजे पटानुसार शाळेच्या खर्चाला मिळणारा वार्षिक सरकारी निधी, आलं की रंगरंगोटीवाले दारात उभे राहतील. थांबा. 31 ते 100 पटाला वर्षाचे 25 हजार, त्यातले किमान 10 टक्के स्वच्छतेला. उरतं किती? आधी हजेरीपट उघडा. आमच्या बीडकडं कोयता निघाला, म्हणजे ऊसतोड मजूर गाव सोडून निघाले, की हजेरीत ‘गै’ची रांग लागते. म्हणून आईबाप ऊसतोडीला गेले तरी लेकरं गावातच राहून शिकावीत यासाठीच्या हंगामी वसतिगृहाचा प्रस्ताव दसऱ्याआधीच हलवा. मी एकदा उशीर केला, तर दुसरीतली सहा लेकरं आईबापामागं फडावर गेली. मार्चात परतली तेव्हा जोडाक्षरं पार विसरलेली. शाळा व्यवस्थापन समितीतल्या ऊसतोड आयांना खरेदी ठरवतानाच बोलवा, नुसतं सहीला नको. आणि पावत्या त्याच दिवशी चिकटवा, नाहीतर ऑडिटला घाम फुटतो.