स्वल्पविराम चुकला तर पीएचडी जाते का?

"मॅडम, संदर्भसूचीत चूक निघाली तर माझ्यावर वाङ्मयचौर्याचा ठपका बसेल का?" मी समुपदेशक; प्रबंध सादर करायची तारीख जवळ आली की हा प्रश्न माझ्याकडे हमखास येतो. बहुतेकांची समजूत पंधरा-वीस मिनिटांत पटते. या विद्यार्थिनीची पटली नाही. (ओळख कळू नये म्हणून तिचे तपशील बदलले आहेत.)

समाजशास्त्रात पीएचडी, तीही मराठीतून. तासिका तत्त्वावर नोकरी, घरात लहान मूल. मूल झोपलं की लॅपटॉप उघडायचा आणि सूचीतले स्वल्पविराम, पूर्णविराम, तिरपी अक्षरं तपासत बसायचं. रात्रीचे दोन वाजायचे. शेवटचं प्रकरण मात्र कित्येक महिने जिथल्या तिथे. "पुस्तकांची यादीच तर आहे ना!" असं नवरा म्हणाला, त्यावरून घरात दोन दिवस अबोला.

एरवी मी माहिती द्यायची घाई करत नाही, आधी ऐकून घेते. पण तिची निम्मी भीती ऐकीव होती, म्हणून नियमच समोर ठेवला. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या 2018 च्या विनियमांनुसार दुसऱ्यांच्या लेखनाशी 10 टक्क्यांपर्यंतच्या साम्याला शिक्षा नाही. 10 ते 40 टक्के असेल तर प्रबंध दुरुस्त करून ठरलेल्या मुदतीत, जास्तीत जास्त सहा महिन्यांत, पुन्हा द्यायचा. 40 ते 60 ला सुधारित प्रबंध द्यायला वर्षभर मनाई, त्यापुढे नोंदणी रद्द. आणि ही टक्केवारी काढताना संदर्भसूची, अनुक्रमणिका, ऋणनिर्देश वगळायचे असतात. म्हणजे ज्या पानांसाठी ती जागत होती, ती मोजणीत धरायचीच नसतात. हे वाचून ती आधी हसली, मग रडली.

सूचीत घोळ होता, नाही असं नाही. विभागात वर्षानुवर्षं फिरणारी झेरॉक्स एपीएच्या, म्हणजे संदर्भ कसे लिहायचे याच्या अमेरिकी नियमावलीच्या, सहाव्या आवृत्तीची. त्यात प्रकाशनाचं गाव लिहावं लागे. 2019 मध्ये आलेल्या सातव्या आवृत्तीने ते काढून टाकलं. तीन किंवा अधिक लेखक असतील तर मजकुरात पहिल्याच उल्लेखापासून 'व इतर' चालतं, हेही सातवीतलं. तिची अर्धी यादी जुन्या पद्धतीची, अर्धी नव्या. शिवाय जुन्या मराठी पुस्तकांवर नुसतं शक. शके 1832 म्हणजे 1910 की 1911? शक चैत्रात सुरू होतो, त्यामुळे शेवटचे अडीच-तीन महिने पुढच्या इसवी सनात जातात. मी म्हटलं, "शके 1832 (1910-11) असं लिहा आणि सगळीकडे तसंच ठेवा. परीक्षकाला पुस्तक सापडलं पाहिजे, एवढंच त्यामागचं काम." कोणती आवृत्ती वापरायची हे मात्र मी सांगितलं नाही, मार्गदर्शकांना विचारायला लावलं. त्यांनी फोनवर एका वाक्यात सांगितलं. इतके महिने तिने विचारलंच नव्हतं, "त्यांना वाटेल, हिला एवढंही येत नाही" म्हणून.

तरी मला राहून राहून वाटत होतं की एवढी धास्ती निव्वळ विरामचिन्हांची नसावी. पुढच्या भेटीला तिला टिपणांची वही आणायला सांगितली. वही उघडली आणि ती गप्प झाली. काही वाक्यं पुस्तकातली, काही तिची स्वतःची, आणि दोन्ही एकाच शाईत. अवतरणचिन्हं नाहीत, पृष्ठक्रमांक नाहीत. काही मोठ्या अभ्यासकांची मतं तर दुसऱ्याच कुणाच्या पुस्तकातून घेतलेली, पण सूचीत नाव थेट मूळ ग्रंथाचं, जो तिने पाहिलाही नव्हता. ज्याची खरी धाकधूक होती तिकडे बघायला नको, म्हणून ती स्वल्पविराम मोजत होती. असं मी बऱ्याच हुशार मुलांमध्ये पाहते. आळशी मुलांना हा त्रास फारसा होत नाही.

यावर उपाय मानसशास्त्रातला कमी आणि कारकुनीचा जास्त. रात्री सूची उघडायची नाही, हा पहिला करार. दिवसा एक तास वही आणि ग्रंथालयातलं पुस्तक शेजारी ठेवून बसायचं: दुसऱ्याचं वाक्य लाल, स्वतःचं निळं. लाल वाक्य जसंच्या तसं हवं असेल तर अवतरणचिन्हं आणि पृष्ठक्रमांक, चाळीस किंवा जास्त शब्दांचं असेल तर वेगळा परिच्छेद आत सरकवून, तिथे अवतरणचिन्हं नकोत. नको असेल तर पुस्तक मिटून स्वतःच्या शब्दांत मांडायचं, संदर्भ तरीही द्यायचाच. मूळ ग्रंथ पाहिला नसेल तर मजकुरात मूळ लेखकाच्या नावापुढे 'उद्धृत' म्हणून हातातल्या पुस्तकाच्या लेखकाचं नाव आणि वर्ष, सूचीतही तेच पुस्तक. नोंदी झोटेरो या संदर्भ सांभाळणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये भरायला एका सहकाऱ्याने शिकवलं. ते मोफत आहे, पण मराठी नावांतलं आडनाव कोणतं हे त्याला आपणच सांगावं लागतं.

काही उताऱ्यांची पानं शेवटपर्यंत सापडली नाहीत. तिने ते उतारे काढून टाकले, त्यातला एक तिचा फार लाडका होता. शेवटचं प्रकरण आता मार्गदर्शकांकडे आहे. रात्रीची जाग अजून पूर्ण गेलेली नाही, म्हणून प्रबंध दिल्यानंतरच्या आठवड्याचीही भेट आम्ही ठरवून ठेवली आहे.