पोटॅशियम आतड्याला आवळतं की सैल करतं?

तुम्ही विचारलंय ते थोडक्यात असं: प्रॅक्टिकलला कोंबडीच्या आतड्याच्या तुकड्यावर पोटॅशियम क्लोराइड टाकलं तर तो लगेच आवळला, पण कॅल्शियम न घातलेल्या टायरोडमध्ये (आतडं जिवंत ठेवणाऱ्या क्षारांच्या द्रावणात) तोच डोस वाया गेला. पुस्तकात मात्र लिहिलंय की पोटॅशियम चॅनेल (पेशीच्या आवरणातली पोटॅशियमची दारं) उघडणारी औषधं स्मूथ मसल, म्हणजे आतडं-रक्तवाहिन्यांच्या भिंतीतला स्नायू, सैल करतात. मग खरं काय? आणि पोटॅशियमने आतडं आवळतं, तर केळं खाल्ल्यावर पोटात कळ का येत नाही?

फार्मसी कॉलेजात मी बरीच वर्षं हे प्रॅक्टिकल घेतलंय. दर बॅचला दोन-चार जण नेमके इथेच अडकायचे, कारण पोटॅशियम पेशीच्या बाहेर वाढलंय की आतून बाहेर चाललंय हे बघायचं राहून जातं.

पेशीच्या आत पोटॅशियम साधारण १४० मिलिमोलर (द्रावणातल्या प्रमाणाचं एकक) असतं. टायरोडमध्ये लिटरला ०.२ ग्रॅम पोटॅशियम क्लोराइड घालतो, म्हणजे बाहेर जेमतेम २.७ मिलिमोलर. इतका फरक असल्यामुळे पोटॅशियम सतत बाहेर झिरपतं, जाताना धन प्रभार घेऊन जातं आणि पेशीची आतली बाजू ऋण राहते. आतबाहेरच्या प्रमाणावरून विद्युतदाब सांगणारं नर्न्स्टचं समीकरण पोटॅशियमपुरतं मांडलंत तर ३७ अंशांना उत्तर उणे १०० मिलिव्होल्टच्या आसपास येतं. इतर आयनही थोडे झिरपत असल्यामुळे स्मूथ मसलचा प्रत्यक्ष आकडा उणे ५० ते ६० एवढाच भरतो.

आता बाथमध्ये (आतडं टांगलेल्या द्रावणाच्या भांड्यात) पोटॅशियम ६० मिलिमोलरपर्यंत न्या. आत १४०, बाहेर ६०. बाहेर पडायची ओढ फारच कमी झाली. तेच समीकरण आता उणे २३ सांगतं. पेशीचा विद्युतदाब उणे ४०च्या वर सरकला की एल-टाइप कॅल्शियम चॅनेल उघडायला लागतात. पोटॅशियमचं काम इथे संपलं. त्याने कडी काढली, आत शिरतो तो कॅल्शियम. बाहेर कॅल्शियम सुमारे १.८ मिलिमोलर आणि पेशीद्रवात मोकळं कॅल्शियम त्याच्या दहा हजारांश भागाएवढं, त्यामुळे दार उघडल्यावर त्याला ढकलावं लागत नाही.

आत आलेलं कॅल्शियम कॅल्मोड्युलिन या प्रथिनाला चिकटतं. ही जोडी मायोसिन लाइट चेन कायनेज नावाचं एन्झाइम जागं करते, ते मायोसिनवर फॉस्फेट चढवतं आणि मायोसिनचे तंतू अॅक्टिनच्या तंतूंना ओढू लागतात. हातापायाच्या स्नायूत हे काम ट्रोपोनिन या प्रथिनामार्फत होतं, स्मूथ मसलमध्ये ट्रोपोनिन नसतंच. व्हायव्हात हमखास विचारतात. कॅल्शियम उपसून बाहेर टाकलं आणि फॉस्फेटेजने ते फॉस्फेट काढलं की तुकडा सैल.

म्हणून तुमच्या दुसऱ्या बाथमध्ये काही झालं नाही. कडी निघाली होती, दारात कुणी उभंच नव्हतं. कॅल्शियम चॅनेल बंद करणारं निफेडिपीन घालून बघितलंत तर उलट बाजूने हेच दिसेल: कॅल्शियम भरपूर, पण दारच बंद. रक्तदाबाची अॅम्लोडिपीन याच दारावर काम करते. रक्तवाहिनीच्या पट्टीवर नॉरअॅड्रिनॅलिन दिलं तर मात्र कॅल्शियम नसलेल्या द्रावणातही एक छोटं आकुंचन येऊन जातं, कारण ते पेशीच्या आतल्या साठ्यातलं कॅल्शियम मोकळं करतं. साठा संपला की तेही थांबतं.

एक गोष्ट प्रॅक्टिकलच्या वहीत सहसा लिहीत नाहीत. जास्त पोटॅशियममुळे आतड्याच्या भिंतीतल्या चेतातंतूंची टोकंही जागी होतात आणि आतडं आवळणारं अॅसिटिलकोलिन सोडतात. त्यामुळे निव्वळ पोटॅशियमचा परिणाम हवा असेल तर अॅसिटिलकोलिनचा परिणाम अडवणारं अॅट्रोपीन आधी घालावं.

आता तुमचं पुस्तक. निकोरॅन्डिल किंवा मिनॉक्सिडिल ही औषधं पोटॅशियम चॅनेल उघडतात तेव्हा बाहेरचं पोटॅशियम नेहमीइतकंच कमी असतं. वाट मोठी झाल्यामुळे पोटॅशियम आणखी बाहेर जातं, आतली बाजू जास्त ऋण होते, कॅल्शियमची दारं मिटतात आणि रक्तवाहिनी सैल पडते. म्हणजे पुस्तक आणि तुमचा ड्रम (आकुंचनाची रेघ ज्यावर उमटते तो) दोन्ही खरं सांगतायत. गंमत अशी की काही छोट्या धमन्यांभोवती पोटॅशियम ५वरून १०-१५ मिलिमोलर एवढंच वाढवलं तर त्या आवळण्याऐवजी रुंदावतात, कारण तेवढ्या वाढीने काही पोटॅशियम चॅनेल आणि सोडियम-पोटॅशियम पंप जोरात चालतात. ६०ला मात्र त्या आवळतातच.

माझीही एक फजिती सांगतो. पहिल्याच वर्षी घाईत मी टायरोडच्या दाट साठ्यात बायकार्बोनेटवर थेट कॅल्शियम क्लोराइड ओतलं. द्रावण दुधाळ झालं. ‘ढवळल्यावर जाईल’ म्हणून तसंच वापरलं आणि दुपारभर वीस मुलांच्या ड्रमवर जवळजवळ सपाट रेघा. कॅल्शियम कार्बोनेट होऊन तळाशी बसलं होतं, आतड्याला काय मिळणार? म्हणून कॅल्शियम नेहमी शेवटी, भरपूर पाणी घातल्यावर. सिडनी रिंगर या ब्रिटिश डॉक्टरचं याच्या बरोबर उलट झालं होतं. १८८२मध्ये त्याच्या द्रावणात बेडकाचं हृदय छान चालत होतं, कारण ते लंडनच्या नळाच्या पाण्यात बनवलं होतं आणि त्या पाण्यात कॅल्शियम होतं. ऊर्ध्वपातित पाणी वापरल्यावर हृदय मंदावलं, तेव्हा कारण कळलं. सलाईनच्या बाटलीवरचं ‘रिंगर लॅक्टेट’ हे नाव त्याचंच.

राहिलं केळं. मध्यम केळ्यात पोटॅशियम सुमारे ४०० मिलिग्रॅम. ते रक्तात आलं की इन्सुलिनच्या मदतीने पेशींमध्ये ओढलं जातं आणि जास्तीचं मूत्रपिंड बाहेर टाकतं. रक्तातली पातळी ३.५ ते ५ मिलिमोलरच्या आसपासच राहते. तुमच्या बाथमधल्या ६०च्या जवळपास पोचायच्या खूप आधी, दहाच्या आतबाहेरच, हृदय थांबतं. म्हणूनच मूत्रपिंडाच्या रुग्णांना केळी आणि शहाळ्याचं पाणी जपून घ्यायला सांगतात. उलट जुलाब-उलट्यांनी पोटॅशियम फार उतरलं तर आतडं आवळायचं सोडून सुस्तावतं आणि पोट फुगतं. तिथे मोजायचं ते बाहेरचंच पोटॅशियम, फक्त या वेळी ते कमी झालेलं असतं.