इन्फ्लुएन्झाच्या प्रयोगांत उंदराऐवजी फेरेट (मुंगसासारखा दिसणारा छोटा सस्तन प्राणी) का वापरतात, आणि फेरेटमध्ये हवेतून पसरणारा विषाणू माणसांतही तसाच पसरतो का?

पहिल्या भागाचे उत्तर सोपे आहे. लागण झालेला उंदीर शिंकत-खोकत नाही, ताप येण्याऐवजी त्याचे अंग थंड पडते आणि त्याच्याकडून शेजारच्या उंदराला संसर्ग क्वचितच होतो. शिवाय प्रयोगशाळेतील बहुतेक वाणांत इन्फ्लुएन्झाला अटकाव करणारे एमएक्स१ हे जनुक निकामी असते. फेरेटच्या श्वसनमार्गातील रिसेप्टरांची (पेशींवरील ज्या रेणूंना विषाणू चिकटतो त्यांची) मांडणी मात्र माणसाशी बरीच जुळते. १९३३ मध्ये लंडन येथे बाधित फेरेट संशोधक विल्सन स्मिथ यांच्या तोंडावर शिंकले, स्मिथ आजारी पडले आणि त्यांच्यापासून विषाणू वेगळा करता आला. तेव्हापासून या प्राण्याची निवड ठरून गेली.

दुसऱ्या भागाबद्दल मला अधिक बोलायचे आहे, कारण याच मुद्द्यावरून एका वरिष्ठ सहकाऱ्यांशी माझा दीर्घकाळ वाद झाला. त्यांनी दोन विषाणूंची तुलना केली होती. बाधित फेरेटांपासून जाळीच्या दुहेरी भिंतीपलीकडे, म्हणजे स्पर्श न होता फक्त हवा पोचेल असे, ठेवलेल्या निरोगी फेरेटांपैकी एका गटात चारपैकी चार, तर दुसऱ्यात चारपैकी दोन बाधित झाले, आणि अहवालात ‘प्रसारक्षमता निम्म्याने घटली’ असे वाक्य आले. मी हिशेब मांडून दाखवला: आठांपैकी सहा बाधित जनावरे निव्वळ योगायोगाने दोन गटांत विभागली, तरी एकीकडे चार आणि दुसरीकडे दोन अशी वाटणी सुमारे ४३ टक्के वेळा होते. त्यावर ‘या क्षेत्रात सगळे चारच जोड्या घेतात’ (जोडी म्हणजे एक बाधित आणि एक निरोगी जनावर) एवढेच उत्तर मिळाले. फेरेट महाग असतात आणि जैवसुरक्षित खोलीतील जागा अपुरी असते, हे मलाही मान्य होते. परंतु जागेच्या अडचणीने आकड्याचे वजन वाढत नाही. त्या अहवालात आर्द्रतेची नोंद नव्हती, हवेचा झोत बाधिताकडून निरोग्याकडे किती वेगाने जात होता याचाही उल्लेख नव्हता, आणि रोजची हाताळणी निरोगी जनावरांपासून सुरू केली होती की नाही (नसेल तर विषाणू हातांवरूनही पोचू शकतो), हे कोणी विचारलेही नाही. गिनीपिगवरील २००७ मधील प्रयोगांत ५ अंश सेल्सिअसला विषाणू हवेतून सहज पसरला आणि ३० अंशांना मुळीच पसरला नाही. पिंजऱ्यातील हवेचा तपशील गाळणे म्हणजे अर्धा प्रयोग गाळणेच होय.

म्हणून ‘फेरेटमध्ये हवेतून पसरतो’ असे कुठे वाचल्यास आधी जोड्या किती होत्या ते पाहा आणि टक्केवारी बाजूला ठेवा. चारपैकी चार बाधित झाले तरी ९५ टक्के विश्वासमर्यादेची (प्रसाराचे खरे प्रमाण ज्या पट्ट्यात असावे असा अंदाज, त्याची) खालची बाजू जेमतेम ४० टक्क्यांवर येते.

फेरेट निरुपयोगी आहे, असा याचा अर्थ कोणी घेऊ नये. अजिबात न पसरणारा आणि सहज पसरणारा विषाणू यांतील फरक त्यात चांगला दिसतो. बारीक फरक मात्र चार पिंजऱ्यांत दिसत नाही. शिवाय प्रयोगासाठी सहसा इन्फ्लुएन्झाची प्रतिपिंडे नसलेली जनावरे निवडतात, तर बहुतेक प्रौढ माणसांच्या रक्तात जुन्या संसर्गांची प्रतिपिंडे असतात, त्यामुळे माणसांतील प्रसाराचा वेग फेरेटवरून काढता येत नाही.