इटलीत शिकताना हिवाळा कसा जातो? त्या दिवसांत फिरणं होतं का?

तुम्ही मास्टर्ससाठी इटलीला निघताय आणि विचारलंय की तिथला हिवाळा झेपेल का, अभ्यास सांभाळून शहरं बघून होतील का. मी उत्तर इटलीतल्या बोलोन्यात शिकते, त्यामुळे उत्तर इथलंच. फिरणं होतं, आणि माझ्या मते विद्यार्थ्याने इटली हिवाळ्यातच बघावी.

आधी थंडीचं. बोलोन्या, मिलान, तोरिनो ही शहरं पो नदीच्या खोऱ्यात आहेत. जानेवारीत रात्री पारा शून्याच्या आसपास असतो, पण जास्त छळतं ते धुकं आणि ओल. डिसेंबरात पाचच्या आत अंधार पडतो. इकडे घरातलं हीटिंग 15 ऑक्टोबर ते 15 एप्रिल, दिवसाला जास्तीत जास्त 14 तास, असा कायदाच आहे. खोली घेताना हीटिंगचा खर्च भाड्यात धरलाय का, ते आधी विचारून घ्या. कपडे घरातच वाळत घालावे लागतात, म्हणून रोज थोडा वेळ खिडकी उघडायचीच, नाहीतर भिंतींना बुरशी येते. थर्मल घरून आणा, जाड जॅकेट इथेच घ्या.

पावसाची मात्र बोलोन्यात चिंता नाही. रस्त्यांच्या कडेने कमानींचे पोर्तिको, म्हणजे छत असलेले पदपथ आहेत, शहरभर मिळून सुमारे 62 किलोमीटर. नव्या घराला पोर्तिको हवाच, असा नियम 1288 मध्ये झाला होता. कॉलेज, वाणसामान, मैत्रिणीचं घर, सगळीकडे छत्रीशिवाय जाता येतं. अभ्यासाला मी साला बोर्सा या सार्वजनिक वाचनालयात बसते. फुकट, उबदार, आणि मधल्या दालनाच्या काचेच्या फरशीखाली रोमन काळातले अवशेष दिसतात!

जवळच सान पेत्रोनियो चर्च आहे. कास्सिनी या खगोलशास्त्रज्ञाने 1655 मध्ये तिथल्या फरशीवर सुमारे 67 मीटर लांबीची रेषा आखून घेतली. छताच्या भोकातून आलेला सूर्याचा कवडसा रोज मध्यान्हाला ती रेषा ओलांडतो. उन्हाळ्यात तो भोकाच्या जवळ पडतो. डिसेंबरात सूर्य खाली असल्याने पार दूरच्या टोकाला जातो आणि चांगला लांबट होतो. ऊन असेल त्या दिवशी बाराच्या सुमारास जाऊन उभे राहा. कवडसा फरशीवरून सरकताना डोळ्यांना दिसतो. हे बघायला हिवाळाच हवा.

जानेवारी-फेब्रुवारी परीक्षांचे. बऱ्याच तोंडी असतात, 30 पैकी 18 ला पास. दोन पेपरांमध्ये सुट्टी मिळाली की एका दिवसात जाऊन येण्यासारखं जवळचं शहर गाठायचं. माझी पहिली पसंती रावेन्ना. साध्या रेल्वेने साधारण सव्वा तास. गाल्ला प्लाचिदिया या रोमन राणीची समाधी म्हणतात ती इमारत बाहेरून अगदी साधी विटांची, आत गेलात की डोक्यावर गडद निळं छत आणि सोनेरी तारे, पाचव्या शतकातलं मोझॅइक, म्हणजे रंगीत तुकडे जडवून केलेलं चित्रकाम. थंडीत गर्दी कमी, मान वर करून निवांत बघता येतं. व्हेनिसही जानेवारीत बघा, पण कार्निव्हलच्या उत्सवाचे गर्दीचे दिवस टाळा आणि निघण्याआधी भरतीचा अंदाज तपासा, मोठ्या भरतीला शहरात पाणी शिरतं.

तिकिटांचं एक लक्षात ठेवा. सरकारी संग्रहालयांत 18 ते 25 वयाच्या तरुणांना 2 युरोचं तिकीट असतं, पण ते युरोपीय संघाच्या नागरिकांना. आपल्यासाठी महिन्याचा पहिला रविवार, तेव्हा प्रवेश सगळ्यांनाच मोफत. फ्लोरेन्सची उफित्सी ही प्रसिद्ध चित्रगॅलरी त्या दिवशी गाठायची तर सकाळी लवकर रांगेत लागा. सोमवारी बरीच संग्रहालयं बंद असतात.

खाण्याचं शेवटी. डाळ, तांदूळ, हिरव्या मिरच्या बांगलादेशी-पाकिस्तानी दुकानांत मिळतात. शाकाहारी असाल तर तोर्तेल्लिनी हा सारण भरलेला छोटा पास्ता टाळा, आत मांस असतं आणि रस्साही मांसाचाच. त्याऐवजी रिकोत्ता हे मऊ चीज भरलेले, आकाराने मोठे तोर्तेल्लोनी मागवा. कडक शाकाहारी असाल तर वर पार्मेझान चीजही नको म्हणा, त्यात वासराच्या पोटातलं रेनेट, म्हणजे दूध गोठवणारं द्रव्य असतं.