बटण नंतर, आधी हाताने फिरव

प्रिय पोरी,

लाकूड चिरायची जुनी टेबल करवत घ्यायची म्हणून तू पाठवलेला व्हिडिओ पाहिला. बटण दाबलं, पातं फिरलं, विकणारा हसला, संपलं. आणि तेवढ्यावर विचारतेस, "काका, घेऊ का?" अगं, रिकामं पातं सगळ्यांचंच छान फिरतं. त्यात मला ना बेअरिंग दिसलं, ना पातं ज्यावर फिरतं तो शाफ्ट. कुठलं मशीन घ्यावं, मोटर किती एचपीची हवी, रंग मूळचा की नंतर मारलेला, या घोळात इतके दिवस गेले तुझे. हेरून ठेवलेल्या दोन्हीपैकी एकाही मशीनला अजून हात लावलेला नाहीस. वाचून जरा चिडलोच. "होईल गं, जमेल गं" असलं मी लिहिणार नाही. लाकडाचं वेड लागलंय ते तुझं तुला माहीत आहे, मलाही आहे.

जाशील तेव्हा त्याला बटणाला हात लावू देऊ नकोस. प्लग काढायला सांग, पट्टा उतरव आणि आधी हाताने फिरव. दातांना हात नाही, शाफ्टवरची पट्ट्याची पुली धरायची. पट्टा चढलेला असला तर मोटरचं ओझंही हाताला लागतं आणि काहीच कळत नाही, म्हणून तो उतरवायचा. फिरवताना बारीक खरखर लागली तर बेअरिंगमध्ये खड्डे पडलेत. त्यात रडण्यासारखं काही नाही. अशा मशीनवर बहुधा ६२०४ नाहीतर ६२०५ असतं, नंबर कडेवर कोरलेला असतो, काही शे रुपयांत मिळतं. फक्त खात्रीच्या दुकानातून घे, नकली माल ढिगाने आहे. मग शाफ्ट धरून वरखाली हलव. खुळखुळ बेअरिंगची असेल तर निभावेल. पण बेअरिंगचं घरच झिजून बाहेरची रिंग आत फिरत असेल, तर सगळं लेथवर नेऊन आत बुश, म्हणजे नवी कडी, मारून घ्यावा लागतो. पहिल्याच मशीनला तो उद्योग नको.

रंगाचं म्हणशील, तर चकाकता नवा रंग दिसला की माझी शंका दुप्पट होते. दिसतं तसं नसतं. गंजाला मात्र तू उगाच घाबरतेस. माझा जन्म गेला कोल्हापूरच्या उद्यमनगरात लाकडी पॅटर्न, म्हणजे ओतकामाच्या साच्यासाठी लागणारे नमुने, बनवण्यात. तू फोटोत पाठवलेलं ते बिडाचं, म्हणजे ओतीव लोखंडाचं, टेबलही आधी कुणा पॅटर्नवाल्याने लाकडात घडवलेलं असणार, फुटामागे १/८ इंच मोठं, कारण बीड थंड होताना तेवढं आकसतं. असल्या टेबलावरचा वरवरचा गंज रॉकेल लावून पॉलिश पेपर घासला की जातो. नंतर मेण चोळ. तेल नको, लाकडावर डाग पडतात.

तडा मात्र घासून जात नाही. संशयाच्या जागी रॉकेल लाव, थोडं मुरू दे, कोरड्या फडक्याने लख्ख पूस आणि वर खडूची पूड भुरभुर. तडा असला तर आतलं रॉकेल वर येतं आणि पुडीत ओली रेघ उमटते. विकणारा तोंडाकडे बघत राहील, बघू दे. पातं पेलणाऱ्या भागात अशी रेघ दिसली तर मशीन फुकट दिलं तरी नको.

थ्री फेजची, म्हणजे कारखान्याच्या विजेची, मोटर आहे म्हणून एक मशीन तू बाद केलंस, ते मला पटलं नाही. मोटर बदलता येते, घरच्या विजेवर चालणारी सिंगल फेजची २ एचपी लावता येते. वाकलेला शाफ्ट आणि तडकलेलं बीड यांचं काय करशील?

आमच्या कारखान्यात रोज सकाळी बटणाआधी मी पातं हाताने एक फेरा फिरवायचो. मालक म्हणायचे, "तेवढ्यात एक फळी चिरून झाली असती." कधी टेबलाखाली ढलपी अडकलेली सापडायची, एकदा तर पात्याचा नटच ढिला निघाला. ते दाखवलं तर उत्तर ठरलेलं, "पण झालं तर नाही ना काही?" झालं नाही, कारण मी फिरवलं! जे घडलंच नाही ते हिशेबाच्या वहीत कुठं मांडणार? लोक मला संथ म्हणत, चक्रम म्हणत. म्हणू देत. दहाही बोटांनी हे पत्र लिहितोय. पुढे पॅटर्न संगणकावर चालणाऱ्या सीएनसी मशीनवर गेले आणि ती करवत किलोच्या भावाने भंगारात गेली. घरात जागा कुठे, पैसे कुठून, असं म्हणत मी गप्प राहिलो, ते अजून सलतं. तुझ्या पत्राने इतका अस्वस्थ झालो तो त्यामुळेच असेल. पण म्हणून तू मिळेल ते उचलून आणावंस असं नाही.

मशीन घरी आलं की लगेच फळी लावायची घाई करशील, ओळखतो तुला. तेव्हाही आधी हाताने फिरव. एका दातावर खडूने खूण कर. टेबलावरच्या खाचेला गुण्या टेकवून त्या दाताला जेमतेम लागेल असा धर. आता पातं फिरवून तोच दात मागच्या बाजूला आण, गुण्याही खाचेतून मागे सरकव आणि फट बघ. दात तोच हवा, नाहीतर पात्याचा स्वतःचा डुगडुग तू टेबलाच्या माथी मारशील. झेरॉक्सचा कागद साधारण ०.१ मिलिमीटर जाड असतो. एक कागद जात असेल तर चालवून घे, दोन जात असतील तर टेबलाचे बोल्ट किंचित ढिले करून लाकडी हातोडीने हलकेच सरकव आणि पुन्हा मोज. कंटाळा येईल. येऊ दे.

मग फेन्स, म्हणजे फळी जिला टेकवून सरकवायची ती पट्टी, पात्याला समांतर लाव. मागच्या टोकाला ती पात्याकडे तसूभरही झुकता कामा नये. १४४० फेऱ्यांच्या मोटरला ८ इंची पुली आणि शाफ्टला ३ इंची असली, तर पातं मिनिटाला ३८४० फेरे घेतं. १० इंची पात्याचा दात तेव्हा सेकंदाला ५० मीटरच्या वर धावत असतो. लाकूड फेन्स आणि पात्याच्या मागच्या दातांमध्ये चिमटलं, की ते उलटं फेकलं जातं, तुझ्याच अंगावर. हे टळावं म्हणून पात्यामागे रायव्हिंग नाइफ असते, चीर मिटू न देणारी उभी पट्टी. जुन्या मशीनवर ती बहुधा कुणीतरी काढून फेकलेली असते, तर करवून घे. पात्याच्या पत्र्याहून जाड आणि दातांनी पडणाऱ्या चिरेहून पातळ. ती बसेपर्यंत एकही फळी उभी चिरायची नाही. अमेरिकेत २००४ पासून बोट लागताच काही मिलिसेकंदांत थांबणारी करवत विकली जाते. तुझ्या बजेटमध्ये तू सावध राहणं तेवढं बसतं.

साधं बटण असेल तर काढ आणि डीओएल स्टार्टर, म्हणजे मोटर चालू-बंद करायची बटणांची पेटी, बसव. लाइट जाते, तू पातं बदलायला हात घालतेस आणि लाइट येते! त्यात लाइट जाताच जोड सोडणारी नो व्होल्ट कॉइल असली की लाइट आली तरी हिरवं बटण दाबल्याशिवाय मशीन हलत नाही. तरीही पात्याजवळ हात न्यायचा तर आधी प्लग काढायचाच. आणि करवतीवर हातमोजे घालायचे नाहीत, कितीही थंडी असो.

रविवारी जाणार असशील तर पाना, गुण्या, रॉकेलची बाटली आणि खडू बरोबर ने. भाव सगळ्यात शेवटी बोल. पट्टा उतरवू देत नसेल तर चहा पी आणि परत ये, दुसरं मशीन मिळेल. उतरवू दिला, तर हाताला काय लागलं ते मला त्याच संध्याकाळी कळव. बेअरिंगचा नंबरही वाचून लिहून घे. व्हिडिओ पाठवू नकोस.

तुझा,
काका