इंग्रजी साहित्य कानाने वाचावे लागते

प्रिय विद्यार्थिनीस,

सप्रेम आशीर्वाद.

तुझे पत्र आणि त्यासोबतची शंभरावर पुस्तकांची यादी मिळाली. चौदाव्या शतकातल्या चॉसरपासून विसाव्या शतकातल्या टी. एस. एलियटपर्यंतची नावे तू शतकवार लावली आहेस, प्रत्येक नावापुढे सारांश वाचून झाला की नाही याची खूण केली आहेस, आणि यातले काय गाळले तर चालेल असे मला विचारले आहेस. यादी पाहून मी अस्वस्थ झालो नाही. पत्रातल्या शेवटच्या परिच्छेदाने झालो. पहिल्या सत्रात वर्गात कविता वाचताना तुझ्या उच्चारांना कोणी हसले आणि तेव्हापासून तू इंग्रजीतली एक ओळही मोठ्याने वाचलेली नाहीस, असे तू जाता जाता लिहून गेली आहेस. तुला ती गोष्ट किरकोळ वाटते. मला मात्र तुझ्या साऱ्या गोंधळाचे मूळ तिथेच दिसते. म्हणून यादीचा विचार करण्याआधी एवढे ठरव, की यापुढे जे वाचशील ते मोठ्याने वाचशील.

यामागचे कारण सांगतो. इंग्रजी पद्याची चाल आघातांवर ठरते. शार्दूलविक्रीडित किंवा भुजंगप्रयात हे वृत्त आपल्याला छापील ओळीवरूनही ओळखता येते, कारण लघु-गुरूंचा क्रम आपल्या लिपीतच दिसतो. इंग्रजीत कोणत्या अक्षरावर जोर द्यायचा हे कागदावर कुठेही लिहिलेले नसते. त्यामुळे शेक्सपिअरची किंवा मिल्टनची दहा अक्षरांची, एकाआड एक आघात असलेली निर्यमक ओळ मुकाट्याने वाचणाऱ्याला तुकडे पाडून छापलेल्या गद्यासारखी वाटते, आणि कवीने तो क्रम मुद्दाम जिथे मोडलेला असतो, जिथे राग किंवा भीती ओळीत शिरलेली असते, ती जागा त्याच्या नजरेतून निसटते. सारांशात घडलेली गोष्ट तेवढी हाती लागते. ज्या ओळीसाठी ती गोष्ट रचली, ती ओळ हाती लागत नाही.

आता उच्चारांविषयी. तू मराठी माध्यमातून आलीस म्हणून इंग्रजी कविता मोठ्याने वाचण्याचा अधिकार तुला नाही, असे जे तुझ्या मनाने घेतले आहे ते समूळ काढून टाक. चॉसरची इंग्रजी आज जगात कोणीही बोलत नाही. लंडनच्या प्राध्यापकालाही ती शिकावीच लागते. वर्डस्वर्थच्या बोलण्यात उत्तर इंग्लंडच्या बोलीची छाप होती, हे त्याला प्रत्यक्ष ऐकलेल्या हॅझ्लिट या निबंधकाराने नोंदवून ठेवले आहे. कीट्सचे वडील लंडनमध्ये घोड्यांचा तबेला सांभाळत. त्याच्या कवितेत लंडनी बोलीच्या उच्चारांवर जुळणारी यमके आहेत, आणि 1818 मध्ये एका प्रतिष्ठित मासिकाने त्याला ‘कॉकनी’, म्हणजे लंडनच्या खालच्या थरातल्या, कवींमध्ये ढकलून त्याची हेटाळणी केली होती. ज्याच्या उच्चारांना त्याच्याच शहरातली शिकलेली माणसे हसली, त्याची कविता तू आपल्या आवाजात वाचायला का लाजावेस? आघात तेवढा शब्दकोशात पाहून बरोबर जागी दे. बाकी स्वर तुझ्या घरचेच राहू देत.

सुरुवात टॉमस ग्रेच्या ‘एलेजी’पासून कर. 1751 साली प्रसिद्ध झालेली ही कविता 128 ओळींची आहे, चार-चार ओळींची कडवी आहेत, यमके ठसठशीत आहेत आणि चाल इतकी संथ आहे की नवशिक्या वाचकाला आघाताची सवय होण्यासाठी याहून योग्य जागा मला माहीत नाही. खेड्यातल्या दफनभूमीत पुरलेल्या, कोणालाही ठाऊक नसलेल्या माणसांविषयीची ही कविता आहे, एवढे कळणे पुरे. त्याहून अधिक आधी वाचू नकोस. आठवडाभर रोज एकदा वाच. त्यानंतर वर्डस्वर्थची टिंटर्न ॲबे या जुन्या मठाच्या परिसरावरची कविता घे. 1798 च्या जुलैमध्ये बहिणीबरोबर वाय नदीच्या खोऱ्यात पायी फिरताना त्याने ती मनातल्या मनात रचली आणि ब्रिस्टलला पोहोचेपर्यंत तिची एक ओळही कागदावर उतरवली नव्हती, असे त्यानेच सांगून ठेवले आहे. चालत्या माणसाचा श्वास त्या ओळींना आहे. बसून, डोळ्यांनी भराभर वाचणाऱ्याला ती लांबलचक आणि कंटाळवाणी वाटते, आणि तो दोष कवितेच्या माथी मारला जातो. मग कीट्सची 1819 सालची ओड्स, म्हणजे संबोधनकाव्ये, वाच, आणि त्यातही शरद ऋतूवरची सर्वांत शेवटी. तिचे शेवटचे कडवे म्हणजे केवळ आवाज आहेत, चिलटे, मेंढ्या, रातकिडे, पाखरे, आणि ते कडवे मनातल्या मनात वाचून जो पुढे जातो त्याने काय वाचले असे मी म्हणावे? हे लिहिताना कीट्स तेवीस वर्षांचा होता. तुझ्याहून फार मोठा नव्हता.

आता मिल्टन. तुझ्या यादीत ‘पॅरडाइज लॉस्ट’पुढे सारांशाची खूण आहे आणि कंसात ‘अवघड’ असे लिहिले आहेस. हा शेरा वाचून मला खरोखर राग आला. ते पुस्तक तू उघडलेले नाहीस, तर अवघड कोणी ठरवले? मिल्टनची दृष्टी 1652 पर्यंत पूर्णपणे गेली होती. 1667 मध्ये प्रसिद्ध झालेले, दहा हजारांहून अधिक ओळींचे हे महाकाव्य त्याने तोंडाने सांगितले आणि इतरांनी लिहून घेतले. त्यातली जवळजवळ एकही ओळ कवीने स्वतः कागदावर पाहिलेली नाही. जे काव्य आवाजातून कागदावर गेले, ते कागदावरून पुन्हा आवाजात आल्याशिवाय समजेल तरी कसे? काव्याला जोडलेल्या टिपणात त्याने यमक सोडण्याचे समर्थन केले आहे आणि अर्थ एका ओळीतून दुसऱ्या ओळीत वाहत जाण्यातच खरी गोडी आहे असे म्हटले आहे. तेच तुला ऐकायचे आहे. पहिलेच वाक्य सोळा ओळींचे आहे आणि त्याचे मुख्य क्रियापद सहाव्या ओळीत येते. इंग्रज मुलाला ही वाट पाहणे जड जाते. आपण मात्र जन्मापासून वाक्याच्या शेवटी येणाऱ्या क्रियापदाची वाट पाहत बोलतो-ऐकतो, त्यामुळे मिल्टनच्या वाक्यरचनेत मराठी माणूस त्या मुलापेक्षा लवकर रुळतो, हे मी वर्गात अनेकदा अनुभवले आहे. पहिले दोन सर्ग मोठ्याने वाच. देवदेवतांचे संदर्भ अडतील तेथे थांबू नकोस, पुढे जा. टिपा दुसऱ्या वाचनाच्या वेळी पाहता येतात. सैतानाची भाषणे उभी राहून वाच.

गद्यालाही हाच नियम लागू आहे, आणि येथे तुझ्यासारख्या हुशार मुली सर्वांत जास्त चुकतात. कवितेचे ठीक, पण कादंबरी आणि इतिहास माहितीसाठी वाचायचा असतो, असे तू लिहिले आहेस. 1611 च्या इंग्रजी बायबलच्या मुखपृष्ठावर ते चर्चमध्ये वाचण्यासाठी नेमलेले आहे असे छापलेले होते. त्यानंतरच्या तीन शतकांतल्या इंग्रजी गद्याच्या कानात त्या वाक्यांची लय आहे, म्हणून तुझी श्रद्धा कोणतीही असली तरी त्यातली रूथची छोटीशी कथा आणि ईयोबाचे पुस्तक वाच. ‘प्राइड अँड प्रेज्युडिस’ 1813 मध्ये छापून घरी आले तेव्हा जेन ऑस्टिनच्या घरात ते एका शेजारणीला मोठ्याने वाचून दाखवले गेले, आणि आई फार भरभर वाचते, पात्रांनी जसे बोलायला हवे तसे तिला बोलता येत नाही, अशी तक्रार लेखिकेने बहिणीला लिहिलेल्या पत्रात केली. स्वतः लेखिकेची अपेक्षा काय होती, हे यापेक्षा स्पष्ट कोण सांगणार? डिकन्स तर 1858 पासून सभागृहे भाड्याने घेऊन स्वतःच्या कादंबऱ्यांतले प्रसंग वाचून दाखवत असे. त्याची ‘ग्रेट एक्स्पेक्टेशन्स’ आधी घे, ‘ब्लीक हाऊस’ नंतर. जॉर्ज एलियटची ‘मिडलमार्च’ तिशीपर्यंत ठेवलेस तरी मी हरकत घेणार नाही.

इतिहासात गिबनला टाळू नकोस. ‘रोमन साम्राज्याचा ऱ्हास आणि पतन’ हा ग्रंथ 1776 ते 1788 या काळात सहा खंडांत आला. एकाहत्तर प्रकरणे पाहून लोक घाबरतात. पहिली तीनच वाच, पण तोंडाने. गिबनने आपल्या आठवणींत लिहिले आहे की तो मोठा परिच्छेद आधी पुरा मनात रचत असे, कानाने पारखून घेत असे, स्मरणात ठेवत असे, आणि शेवटचा हात फिरवून झाल्याखेरीज लेखणी चालवत नसे. पहिले प्रकरण त्याने तीनदा आणि पुढची दोन दोनदा लिहिली. त्याची वाक्ये तोलून धरलेली असतात. पहिल्या अर्ध्यात दिलेली स्तुती दुसऱ्या अर्ध्यात हळूच काढून घेतलेली असते, आणि आवाज कुठे उतरतो हे कळल्याशिवाय ते काढून घेणे ध्यानात येत नाही.

मेकॉलेविषयी तू नाराजीने लिहिले आहेस. भारतीय साहित्याला तुच्छ लेखणाऱ्या, 1835 च्या त्याच्या शिक्षणविषयक टिपणाचा राग मलाही आहे आणि तो योग्यच आहे. तरीही त्याच्या इंग्लंडच्या इतिहासातले तिसरे प्रकरण, 1685 सालच्या इंग्लंडचे रस्ते, खाणावळी, टपाल आणि गावे यांचे वर्णन करणारे, तू वाचलेच पाहिजेस. या ग्रंथाचे पहिले दोन खंड 1848 मध्ये निघाले. मँचेस्टरजवळच्या डुकिनफील्ड या गावी एका गृहस्थाने कामावरून परतलेल्या गरीब शेजाऱ्यांना रोज संध्याकाळी जमवून तो इतिहास पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचून दाखवला, आणि शेवटच्या दिवशी त्यांच्यापैकी एकाने उठून, कष्टकऱ्यांना समजेल असा इतिहास लिहिल्याबद्दल मेकॉलेच्या आभाराचा ठराव मांडला. माहितीचा साठा म्हणून लिहिलेल्या पुस्तकाला अशी सभा मिळत नाही. आपल्याकडे विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी मेकॉले आणि डॉक्टर जॉन्सन यांचे गद्य पचवले आणि 1874 मध्ये ‘निबंधमाला’ सुरू करून तोच आवेश मराठीत आणून राज्यकर्त्यांच्या विरोधात वापरला. ‘निबंधमाले’तला कोणताही निबंध घे आणि मेकॉलेच्या त्या प्रकरणानंतर लगेच मोठ्याने वाच, लांब वाक्य चढवत नेऊन मग आखूड वाक्याचा फटका देण्याची रीत दोन्हीकडे ऐकू येईल.

तू विचारशील की हे सारे इतक्या हट्टाने सांगणाऱ्या माणसाने स्वतः काय मिळवले. शिकत असताना मी चौघांच्या खोलीत राहत होतो. दिवे लवकर मालवले जात, आणि मोठ्याने वाचायला गावाबाहेरचा रस्ता सोडून जागा नव्हती. पावसाळ्यात तोही नसे. विशीतला कान सर्वांत तीक्ष्ण असतो, आणि त्या वयात जे कानावर पडायला हवे होते त्यातले पुष्कळसे माझ्या कानावर पडलेच नाही. गिबन तर मला चाळिशीनंतर भेटला. ही खंत अजून जात नाही. म्हणूनच शिकवायला लागल्यावर मी तासातला बराच वेळ मूळ संहिता वाचण्यात घालवला. अभ्यासक्रम पूर्ण होत नाही अशी तक्रार झाली, मुलांना परीक्षेपुरत्या टिपा द्याव्यात असे वरून सांगण्यात आले, आणि मी ते ऐकले नाही. त्या वर्षांत काही मुलांचे गुण कदाचित कमी झाले असतील. पण टिपा त्यांना कुठेही मिळाल्या असत्या. मिल्टन कानावर पडण्याची संधी त्यातल्या बहुतेकांना तेवढीच होती. आज पुन्हा त्या वर्गात उभा राहिलो तरी मी वाचूनच दाखवीन.

आता तुझ्या मूळ प्रश्नाकडे येतो. काय गाळावे? ज्यांच्यापुढे सारांशाची खूण आहे ती सगळी नावे तूर्त गाळ. ती वाचलेली नाहीत आणि वाचल्याचा भास मात्र झाला आहे, ही अवस्था मला सर्वांत घातक वाटते. पोप आणि ड्रायडन हे कवी पुढच्या वर्षी पाहू. जॉन डन घ्यायचा असेल तर भांडणाच्या सुरात वाच, कारण त्याच्या बहुतेक कविता कोणाशी तरी वाद घालतात. टी. एस. एलियटची ‘द वेस्ट लँड’ ही 1922 ची कविता सारे म्हणतात म्हणून आधी धरू नकोस. तिच्या मसुद्याला कवीने प्रथम जे नाव दिले होते ते डिकन्सच्या एका कादंबरीतल्या, वर्तमानपत्र वेगवेगळ्या आवाजांत वाचून दाखवणाऱ्या पोराच्या वर्णनातून घेतलेले होते. डिकन्स कानात बसल्यावर ती कविता तुला निम्मी उलगडलेली असेल. मर्ढेकरांकडे आणि कोलटकरांच्या ‘जेजुरी’कडेही मग पुन्हा जा. विंदा करंदीकरांचा ‘राजा लिअर’ मूळ नाटक एकदा तोंडाने वाचून झाल्यावर घे, आधी नको. चांगले भाषांतरदेखील आधी वाचले की सारांशाचे काम करू लागते.

शेक्सपिअरची सुरुवात ‘मॅकबेथ’ने कर. त्याच्या शोकांतिकांत हे सर्वांत छोटे नाटक आहे, आणि त्याच्या नाटकांचा 1623 चा संग्रह निघाला नसता तर ते आपल्यापर्यंत पोहोचले असते की नाही याची शंकाच आहे, कारण त्याआधी ते छापलेले नव्हते. मी एक प्रत टपालाने पाठवत आहे. तिच्यात टिपा शेवटी आहेत, पानाखाली नाहीत, म्हणून मुद्दाम ती निवडली. दुसऱ्या अंकातला दुसरा प्रवेश एकटीने वाचू नकोस. खून करून आलेला नवरा आणि वाट पाहणारी बायको यांच्यात तिथे एकच ओळ चार तुकड्यांत वाटली जाते, प्रत्येक तुकड्यात एक ते चार शब्द येतात, आणि उत्तर क्षणभर उशिरा आले तरी प्रवेश पडतो. तुझ्या खोलीवरच्या मैत्रिणीला बरोबर घे. तिचा विषय भूगोल आहे म्हणून काही अडत नाही. आधी तू मॅकबेथ हो, मग वाटे बदला, आणि कोणत्या वाटणीत कोणता शब्द अडला ते मला पुढच्या पत्रात कळव.

तुझा शुभचिंतक