गिफ्ट नव्हे, एव्हेन्टुएल

चि. विद्यार्थिनीस,
अनेक आशीर्वाद.

तुझं नमुना भाषांतर काल रात्री वाचून संपवलं. मराठी छान आहे, वाक्यं जर्मनच्या मागे फरफटत जात नाहीत. हे आधीच सांगून ठेवते, कारण पुढे मी चिडणार आहे.

सोबतची तुझी दोनशे 'फसव्या मित्रां'ची, म्हणजे दोन भाषांत सारख्या दिसणाऱ्या पण अर्थाने वेगळ्या शब्दांची, यादीही पाहिली. गिफ्ट म्हणजे इंग्रजीत भेट, जर्मनमध्ये विष, आणि स्वीडिशमध्ये विष आणि 'विवाहित' हे दोन्ही. बुर्रो म्हणजे स्पेनमध्ये गाढव, इटलीत लोणी. इटालियन काल्दो म्हणजे गरम, स्पॅनिश काल्दो म्हणजे रस्सा. सगळं बरोबर. 'फसवे मित्र' हे नावही दोन फ्रेंच अभ्यासकांनी 1928 मध्ये अशा इंग्रजी-फ्रेंच शब्दांची जंत्री छापली तेव्हापासून रुळलं. पण एवढं पाठ करूनही, इंग्रजी 'इव्हेन्च्युअली' आणि 'अ‍ॅक्च्युअल' कानात ठेवून, पान 3 वर तू 'एव्हेन्टुएल'चं 'अखेरीस' केलंस, आणि पान 4 वर 'आक्टुएल'चं 'प्रत्यक्ष'.

बघ, तुझ्या यादीतले शब्द गमतीचे आहेत म्हणून लक्षात राहतात, आणि गमतीचे आहेत म्हणूनच फारसं नुकसान करत नाहीत. 'पावाला गाढव लावा' असं वाक्य आलं तर डुलकी घेणारा अनुवादकसुद्धा जागा होतो. डब्यावर गिफ्ट लिहिलं असेल तर शेजारी कवटी असते. एव्हेन्टुएलच्या शेजारी कवटी नसते. त्याचं चुकीचं भाषांतर बरोबर भाषांतराइतकंच शहाणं दिसतं.

हे मी पुस्तकातून शिकले नाही. नवखी असताना पिंपरीकडच्या एका कारखान्यासाठी जर्मन यंत्राची देखभाल-पुस्तिका मराठीत केली होती. त्यात वाक्य होतं, 'एव्हेन्टुएल मुस डास लागर आउसगेटाउश्ट वेर्डन.' माझा सगळा जीव 'लागर'मध्ये अडकला. लागर म्हणजे कोठार, लागर म्हणजे छावणी, लागर म्हणजे बेअरिंग. (कोठारात मुरवलेली ती लागर बिअर, इंग्रजांनी शब्दाचा तेवढाच तुकडा उचलला.) तीन शब्दकोश उघडले, एका इंजिनिअरला विचारलं आणि 'बेअरिंग' पक्कं केलं. एव्हेन्टुएलकडे ढुंकूनही पाहिलं नाही. तो तर ओळखीचा! लिहून टाकलं, 'शेवटी बेअरिंग बदलावं लागेल.' मूळ म्हणत होतं, 'कदाचित बेअरिंग बदलावं लागेल.'

पुढचे काही महिने तिथली माणसं दर सर्व्हिसिंगच्या शेवटी इमानदारीत बेअरिंग बदलत राहिली. पुस्तिकेत 'शेवटी' लिहिलंय ना! मग एक दिवस तिथल्या फोरमनने फडक्यात गुंडाळलेलं एक बेअरिंग माझ्या हातावर ठेवलं. "मॅडम, फिरवून बघा." मी बोटाने फिरवलं. लोण्यासारखं फिरलं, आवाज नाही, खडखड नाही. "आता सांगा, याला काय झालंय?" त्यांचा आवाज अजिबात चढला नव्हता. ते बेअरिंग अजून माझ्या टेबलावर कागदांवर ठेवलेलं असतं.

माझी चूक बेअरिंगवर निभावली. 1980 मध्ये फ्लोरिडात क्यूबन घरातला अठरा वर्षांचा एक मुलगा बेशुद्धावस्थेत रुग्णालयात आला. घरचे सांगत होते, तो 'इन्टॉक्सिकादो' आहे, म्हणजे खाण्यापिण्यातून काहीतरी बाधलंय. डॉक्टरांनी त्यात इंग्रजी शब्द ऐकला आणि अंमली पदार्थांचे उपचार सुरू केले. होता मेंदूतला रक्तस्राव. तो लक्षात येईपर्यंत दिवस गेले आणि मुलाचे चारही हातपाय कायमचे लुळे पडले. तिथे अर्धवट स्पॅनिश येणारे लोक होते, म्हणून दुभाषाची गरजच कुणाला वाटली नाही.

आता एव्हेन्टुएलचं मूळ. लॅटिनमध्ये 'बाहेर येणं, घडणं' या अर्थाचं क्रियापद आहे. जर्मन, फ्रेंच, स्पॅनिश या सगळ्यांनी त्यातून 'घडलंच तर' हा अर्थ घेतला. इंग्रजी मात्र 'जे शेवटी घडतं' तिकडे गेली. आक्टुएलचंही तेच: बाकीच्यांकडे 'सध्याचं', इंग्रजीत 'खरंखुरं'. म्हणजे या दोन्ही शब्दांत वेगळी वाट धरली ती इंग्रजीने, आणि आपण मराठी माणसं नेमकी इंग्रजीच्या दारातून युरोपात शिरतो. अर्थात युरोपातले लोकही उलट्या बाजूने इथेच ठेचकाळतात. युरोपीय संघाच्या लेखापरीक्षकांनी 2013 मध्ये संघाच्या कागदपत्रांतल्या चुकीच्या इंग्रजी शब्दांची यादी प्रसिद्ध केली, त्यात हे दोघे आहेतच.

म्हणून म्हणते, जोड्या पाठ करू नकोस, शब्द कुठून कुठे गेला ते बघ. गिफ्टचंच घे. मूळ अर्थ 'देणं', आणि जुन्या इंग्रजीत तर वधूमूल्य. जर्मनमध्ये तो 'मिटगिफ्ट', म्हणजे हुंडा, यात अजून शाबूत आहे. मग विष कुठून आलं? ग्रीक-लॅटिन 'डोसिस' म्हणजेही 'देणं', त्यावरून औषधाची दिलेली मात्रा. जर्मनने त्याच धर्तीवर गिफ्ट वापरला आणि तो औषधावरून घसरत विषावर गेला. आपल्याला यात नवल वाटू नये. 'मात्रा' म्हणजे मूळचं माप, पण आजी हेमगर्भाची मात्रा उगाळायची तेव्हा ती माप उगाळत नव्हती, औषधच उगाळत होती. आणि हिंदीतल्या शिक्षामंत्र्यांना आपण हसतो तेव्हा विसरतो, की संस्कृतातून 'शिकणं' म्हणून आलेली शिक्षा आपणच 'चांगला धडा शिकवतो तुला' म्हणत छडीपर्यंत नेली.

आकड्यांकडे मात्र वेगळं लक्ष दे, तिथे मूळ कळून भागत नाही. जर्मन 'मिलियार्डं' म्हणजे 100 कोटी आणि जर्मन 'बिलिओन' म्हणजे 1 लाख कोटी. आजच्या इंग्रजीत बिलियन म्हणजे 100 कोटी. चूक झाली तर हजार पटीची होते. त्यात ब्रिटनमध्ये बिलियन पूर्वी जर्मनसारखाच मोठा होता. सरकारी आकडेवारीत तो लहान अर्थानेच वापरला जाईल, हे पंतप्रधान हॅरॉल्ड विल्सन यांनी संसदेला 1974 च्या डिसेंबरात कळवलं. त्यामुळे जुना ब्रिटिश कागद हातात आला की आधी साल बघायचं. पान 6 वर तू हे बरोबर केलंस.

आणि चेक शिकायचं तुझ्या मनात आहे, ते जरूर शिक. फक्त तिथे इंग्रजीऐवजी शेजारच्याच भाषा दगा देतात. चेकमध्ये 'चेर्स्तव्ही' पाव म्हणजे ताजा, सीमा ओलांडून पोलंडमध्ये गेलीस की तोच शब्द शिळ्या पावाला. 'लिस्टोपाड', म्हणजे पानगळ, हा प्राग आणि वॉर्सात नोव्हेंबर, तर झाग्रेबमध्ये ऑक्टोबर. आपला श्रावण अमावास्येनंतर लागतो आणि उत्तरेतला पंधरवडा आधीच लागलेला असतो, तसंच काहीसं.

आता काम. भाषांतर पुन्हा घे आणि फक्त ते शब्द पेन्सिलने अधोरेखित कर, जे तू शब्दकोशात पाहिलेच नाहीस. अनोळखी शब्द तू पाहिले असणारच, त्यांची मला काळजी नाही. अधोरेखित केलेला प्रत्येक शब्द डूडन शब्दकोशात बघ, जर्मन-जर्मन, इंग्रजीला मध्ये न घेता. पहिल्या अर्थावर थांबू नकोस. पान 9 वर 'नोटआउसगांग' तू 'आपत्कालीन दार' केलंयस ते ठीक, पण कारखान्यात दारावर काय पाटी आहे ते विचारून घे आणि तोच शब्द ठेव. पान 3 आणि 4 नव्याने लिही.

सोमवारी संध्याकाळी पाचनंतर मी घरी आहे. यादी आणू नकोस, पेन्सिलचा कागद आण.

तुझी,
मॅडम